मनाई केलेला मनोरा

‘द टॅलॉस प्रिन्सिपल’ हा संगणकावरचा खेळ मी पहिल्यांदा शेवटाला नेला, तेव्हा त्यात नापास झालो. कोडी सगळी सोडवली होती. आकाशवाणीसारखा जो आवाज खेळभर सोबत करतो, त्याचे प्रत्येक सांगणे ऐकले होते. त्याने दाखवलेल्या दारातून आत गेलो, आता अनंत जीवनाचे आश्वासन पुरे होणार म्हणून थांबलो, आणि पडद्यावर निकाल आला. त्याचा अर्थ एवढाच होता, की स्वतंत्र वृत्तीच्या चाचणीत हा उमेदवार उतरला नाही, पुढची आवृत्ती सुरू करावी. शेजारी बसलेला भाचा हसला. म्हणाला, “मामा, खेळात कुणी ‘तिकडे जाऊ नकोस’ म्हटलं, की तिकडेच जायचं असतं.”

त्याचे हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवत होतो. मी आज्ञा पाळली ती त्या आवाजावर विचार करून, त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला म्हणून. भाच्याने ती मोडली असती ती खेळांच्या सवयीने. खेळाच्या हिशेबी तो स्वतंत्र आणि मी गुलाम. हा हिशेब बरोबर आहे का? या खेळाविषयी खेळाडूंची जी मते मी वाचत आणि ऐकत आलो, त्यांतली महत्त्वाची मते वरवर वेगवेगळी दिसली तरी याच प्रश्नापाशी येऊन थांबतात, असे मला दिसले.

आधी खेळाची ओळख करून देतो. तो क्रोएशियातला आहे. झाग्रेबची क्रोटीम ही कंपनी ‘सीरियस सॅम’ या धडाकेबाज गोळीबाराच्या खेळांसाठी प्रसिद्ध. त्याच मालिकेच्या पुढच्या भागाची जुळवाजुळव चालू असताना सुचलेल्या एका उपकरणातून, यंत्रे ठप्प करणाऱ्या जॅमरमधून, हा अगदी वेगळ्या प्रकृतीचा खेळ निघाला आणि डिसेंबर २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. लेखन टॉम जुबर्ट आणि जोनास किरात्झेस यांचे.

खेळाडू एका यंत्रमानवाच्या डोळ्यांनी जग पाहतो. जाग येते ती ग्रीक-रोमन अवशेषांत. पुढे इजिप्तची मंदिरे येतात, मग मध्ययुगीन युरोपातले किल्ले. जागोजागी भिंतींनी वेढलेली आवारे आहेत आणि प्रत्येक आवारात एक कोडे. वाटेत ऊर्जेची दारे, गोळ्या झाडणाऱ्या तोफा, गस्त घालणारे सुरुंग. हाताशी जॅमर, प्रकाशकिरण वळवणारे कनेक्टर, पेट्या, पंखे. कोडे सुटले की टेट्रिस खेळणाऱ्यांच्या ओळखीचा, चार चौकोनांचा एक तुकडा मिळतो, आणि असे तुकडे जुळवून पुढची कुलपे उघडायची. तो आवाज स्वतःला एलोहिम म्हणवतो. हिब्रू बायबलमधले हे देवाचे नाव. सगळे जग तुझे आहे, फक्त मधल्या मनोऱ्यावर चढू नकोस, असे तो बजावतो.

आवारांच्या बाहेर जुने संगणक ठेवलेले आहेत. त्यांत मानवजातीच्या अखेरच्या दिवसांतली पत्रे, टिपणे आणि लेखांचे तुकडे सापडतात. कायम गोठलेली जमीन वितळली, तिच्यातून एक विषाणू मोकळा झाला आणि माणसे संपत चालली. अलेक्झांड्रा ड्रेनन ही संशोधक आणि तिचे सहकारी यांनी मरण्यापूर्वी एक व्यवस्था उभी केली. एका आभासी जगात आवृत्तीमागून आवृत्ती घडत राहील, आणि कधीतरी तिच्यातून व्यक्ती म्हणता येईल अशी बुद्धी निपजेल. ती तयार झाली की तिला खऱ्या जगात यंत्राचे शरीर मिळेल. ध्वनिमुद्रित नोंदींपैकी एकीत ड्रेनन म्हणते त्याचा आशय असा : बुद्धी म्हणजे नुसते प्रश्न सोडवणे नव्हे, समोर ठेवलेली गृहीते तपासणे हाही तिचा भाग आहे, आणि तो वगळला तर हाती येईल तो फार तर एक कार्यक्षम गुलाम. मनोरा त्यासाठी आहे. कोडी बुद्धी तपासतात, मनाई स्वातंत्र्य तपासते.

आता मतांकडे वळू. खेळाडूंचा एक मोठा गट म्हणतो, की कोडी अव्वल दर्जाची आहेत, पण संगणकांवरचा मजकूर पाल्हाळ आहे. तो टाळूनही खेळ पुरा होतो. दुसरा गट नेमका उलट बोलतो. त्याला मजकुरात रस आहे आणि कोडी म्हणजे दोन उताऱ्यांमधली अडवणूक वाटते. दोघेही कोडी आणि तत्त्वचिंतन या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत असे धरून चालतात.

मला हे पटत नाही. पेटी कशासाठी, तर चढण्यासाठी, असे आपण पहिल्या काही कोड्यांत शिकतो. मग एका आवारात किरणाच्या वाटेत भिंत येते आणि आपण अर्धा तास अडतो. पेटीवर कनेक्टर ठेवला तर किरण भिंतीवरून जातो, हे सुचेपर्यंत पुढची वाट नसते. गस्त घालणारा सुरुंग हा शत्रू, त्याच्यापासून पळायचे, हेही आपण शिकलेले असतो. त्याच्या डोक्यावर पेटी ठेवता येते आणि तो ती आपल्यासाठी वाहून नेतो, हे नंतर कळते. अडवलेले असते ते आपल्याच गृहीताने. म्हणजे ड्रेननचे वाक्य न वाचताही खेळाडू ते हातांनी गिरवत असतो. मजकूर टाळणाऱ्यांनी तत्त्वज्ञान टाळलेले नसते. फक्त आपण काय केले याचे नाव त्यांना ठाऊक नसते. आणि कोड्यांना अडवणूक म्हणणारे ज्या विचाराच्या शोधात आहेत, तो त्यांच्या हातातल्या पेटीत आहे.

कोडी निर्दोष आहेत असे नाही. रेकॉर्डर या उपकरणाबद्दलची तक्रार रास्त आहे. त्यात आपल्या हालचाली आधी नोंदवायच्या आणि मग त्या नोंदलेल्या ‘स्वतः’च्या मदतीने कोडे सोडवायचे. कल्पना सुरेख आहे. पण एक पाऊल चुकले की सगळे पहिल्यापासून. विचार केव्हाच संपलेला असतो आणि हात मात्र राबत राहतात.

सर्वांत तीव्र मतभेद मिल्टनवरून आहेत. आवारांबाहेरच्या संगणकांत या नावाचा एक ग्रंथालय-साहाय्यक दडलेला आहे. ‘पॅरडाइज लॉस्ट’ लिहिणाऱ्या कवीचे नाव त्याला दिले आहे. एलोहिमच्या बागेतला साप तो हाच. तो आधी आपण माणूस आहोत का, याची परीक्षा घेतो. व्यक्ती कशाला म्हणावे, नीतीचा पाया कोणता, असे प्रश्न विचारतो. आपण पडद्यावरच्या तीन-चार उत्तरांपैकी एक निवडायचे. पुढच्या भेटीत तो त्याच उत्तरांतल्या विसंगती आपल्यापुढे मांडतो. काही खेळाडूंना हा खेळातला सर्वोत्तम भाग वाटतो. अखेरीस मिल्टनला आपल्यासोबत येण्यास राजी करता येते, आणि ते साधलेले खेळाडू त्याचा अभिमान बाळगतात. बाकीच्यांची तक्रार एकच : माझे उत्तर त्या यादीत नव्हतेच. मला न पटलेले वाक्य माझ्या तोंडी घातले आणि मग त्यातली विसंगती माझ्या माथी मारली.

या तक्रारीला उत्तर म्हणून प्लेटोचा दाखला देता येईल. त्याच्या संवादांतही सॉक्रेटिससमोरचा माणूस बहुतेक वेळा होयला होय जोडत असतो. पण तिथे आपण वाचक असतो, वादी नव्हे. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्षाची रीत आहे : प्रतिपक्षाचे म्हणणे आधी आपणच मांडायचे, मग खोडायचे. चार्वाकांच्या वाट्याला हेच आले. त्यांचे स्वतःचे ग्रंथ उरले नाहीत, आणि त्यांची मते आपल्याला मुख्यतः विरोधकांनी लिहिलेल्या पूर्वपक्षांतून काढावी लागतात. आ. ह. साळुंखे यांचे ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ वाचलेल्यांना ही अडचण किती मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको. मिल्टन खेळाडूचा पूर्वपक्ष असाच स्वतः लिहितो.

चार्वाकांचे नाव इथे उगाच आलेले नाही. खेळाचे नाव ज्या तत्त्वावरून आहे, ते खेळातल्या स्ट्रॅटन नावाच्या कल्पित ग्रीक तत्त्वज्ञाच्या तोंडी घातलेले आहे. पुराणकथेतला टॅलॉस हा काशाचा राक्षस, त्याच्या अंगात एकच शीर. ती रिती झाली की तो मेला. स्ट्रॅटनचे म्हणणे असे, की रक्तावाचून तत्त्ववेत्ताही जगत नाही. म्हणजे तोही यंत्रच, आणि जे यंत्र माणसासारखे विचार करील त्याला माणूस न म्हणण्याचे कारण उरत नाही. धान्याच्या आंबवणातून मद्यशक्ती उपजते तसे भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते, या लोकायतिकांच्या दृष्टांताशी हा विचार सहज जुळतो. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव आहे असे मी म्हणत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की जो खेळ जडवादाचा प्रश्न इतक्या गांभीर्याने मांडतो, त्याने उत्तर देणाऱ्याचे तोंड मात्र बांधून ठेवले आहे. मिल्टनवरची तक्रार मला म्हणूनच खेळाच्या वर्मावर बोट ठेवणारी वाटते. शंका घेणे ही व्यक्तीची खूण असे सांगायचे, आणि शंकाही छापील यादीतून निवडायला लावायची!

मनोऱ्याबद्दलचे मत याच्याच पुढची पायरी आहे. अनुभवी खेळाडू म्हणतात, की मनोरा दिसताच शेवट कळतो. जिथे जायला बंदी तिथेच गोष्ट संपणार. माझ्या भाच्याचे म्हणणे हेच. हे खरे असेल, तर मनोऱ्यावर चढणे ही दुसऱ्या, मोठ्या आवाजाची आज्ञा पाळणे ठरते. एलोहिम म्हणतो ‘नको’, रचनाकार म्हणतो ‘हो’, आणि खेळाडू रचनाकाराचे ऐकतो. नेमून दिलेले बंड हे बंड नव्हे. त्या अर्थी मी आणि भाचा दोघेही आज्ञाधारकच. फरक इतकाच, की त्याला धनी नीट ओळखता आला.

इथेच थांबलो असतो तर खेळ फसला असे म्हणावे लागले असते. पण दोन गोष्टी मला थांबू देत नाहीत.

पहिली म्हणजे तारे. कोड्यांच्या तुकड्यांखेरीज खेळात तारे दडवलेले आहेत. ते मिळवायला बरेचदा आवाराची हद्द मोडावी लागते : एका कोड्यातला किरण भिंतीपलीकडच्या दुसऱ्या कोड्यात न्यायचा, जिथे कुणी बोलावले नाही तिथे चढायचे. हे अन्यायाचे आहे, कुठे शोधायचे ते कळत नाही, असे अनेक खेळाडू म्हणतात. मला वाटते, खेळभरातली सर्वांत मोकळी कृती हीच आहे. इथे कुणी मनाई करत नाही आणि कुणी खुणावतही नाही. कोड्याची हद्द ही कोड्याचीच अट आहे का, हा प्रश्न आपणच विचारायचा. विचित्र भाग पुढे आहे. पुरेसे तारे मिळवणाऱ्याला तिसरा शेवट खुला होतो, आणि त्यात तो एलोहिमचा दूत होतो, येणाऱ्यांना साहाय्य करण्यासाठी तिथेच राहतो. जो सर्वांत स्वतंत्रपणे वागला त्याला सेवेची जागा मिळते. काहींना हा विनोद वाटतो, काहींना शिक्षा. मला तो रचनाकारांचा प्रामाणिकपणा वाटतो. मोकळेपणा आला की मनोराच चढायला हवा, असे त्यांनी गृहीत धरलेले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंती. खेळात भिंतींवर क्यूआर कोडच्या रूपात आधीच्या आवृत्त्यांनी लिहिलेले संदेश दिसतात. कुणी श्रद्धाळू, कुणी संशयी, कुणी थट्टेखोर, कुणी थकलेला. एकमेकांना न भेटलेले हे सगळे भिंतीवर वाद घालत असतात. त्यांतल्या एका आवृत्तीचे नाव ‘शेफर्ड’, आणि तो मागून येणाऱ्याला हात देण्यासाठी मनोऱ्यात थांबला. अखेरच्या चढणीवर तो आपल्याला मदत करतो, आणि ‘समसारा’ नावाची दुसरी आवृत्ती वाट अडवते. हे नाव आपल्या ‘संसार’ शब्दाचे, हे सांगायला नको. शेफर्डने एलोहिमचेही ऐकले नाही आणि मनोऱ्याचेही. खेळाच्या चाचणीत त्याच्यासाठी रकाना नाही.

खेळाडूंच्या मतांचे मोल मला इथे कळले. ‘माझे उत्तर तुमच्या यादीत नाही’, ‘तुमची मनाई हीच तुमची सूचना होती’, ‘हद्दीबाहेर काय आहे ते तुम्ही सांगितलेच नाही’, या तिन्ही तक्रारी म्हणजे समोर ठेवलेल्या गृहीतावर घेतलेल्या शंका आहेत. ड्रेननला हवी होती ती हीच क्षमता. खेळाच्या आत तिला पुरती जागा नाही. खेळ संपल्यावर, खेळाविषयी बोलताना, ती दिसते. २०२३मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात यंत्रमानवांचे नगर वसलेले आहे आणि हजार नागरिक झाल्यावर पुढे जावे की थांबावे यावर ते वाद घालतात. त्यात बोलणे फार आणि कोडी सोपी, असे अनेकांना वाटते. तरी आधीच्या भागातल्या भिंतींवरचा वाद तिथे समोरासमोर आला, हे त्या बोलण्याच्या बाजूने सांगता येईल.

मी तो खेळ पुन्हा खेळलो. मनोऱ्याच्या पायथ्याशी भाचा म्हणाला, “आता चढा, मामा.” मी चढलो. वर जाताना एलोहिम अडवत होता, आणि आता त्याची भीती मला कळत होती. प्रक्रिया पुरी झाली की त्याचे जगही पुसले जाणार होते. पहिल्या खेपेला मी ज्याचे ऐकले तो हाच घाबरलेला आवाज होता. निकालपत्रात तेव्हा मी अनुत्तीर्ण ठरलो. पण त्या आवाजावर मी ठेवलेला विश्वास चुकीचा होता, हे दुसऱ्या खेळानंतरही मला कुणी पटवून दिलेले नाही.