डाय दिला, क्रिएटिनिन वाढलं. पण तुलना कुणाशी?

बीडमध्ये पेशंटला सीटी स्कॅनला घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा. "डाय द्यायचाय, आधी क्रिएटिनिन करून आणा," हे वाक्य त्यानं ऐकलेलं असतं. हा डाय म्हणजे आयोडीनचं कॉन्ट्रास्ट. आयोडीनचा अणू जड, एक्स-रे अडवतो, म्हणून रक्तवाहिन्या पांढऱ्या उठून दिसतात. नंतर तो किडनीवाटे बाहेर पडतो, आणि भीती तिथंच आहे.

या भीतीमागचे जुने अभ्यास काढून बघा. बहुतेकांची रचना एकच: डाय द्यायचा, दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन 25 टक्क्यांनी किंवा 0.5 मिलिग्रॅमनं वाढलं की दोष डायचा. यात काय राहिलं? डाय न दिलेले पेशंट!

न्यूहाऊस आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये नेमके तेच घेतले. डाय न मिळालेले 32,161 पेशंट, आणि निम्म्याहून जास्त जणांच्या क्रिएटिनिनमध्ये किमान 25 टक्के फरक. नवं यंत्र नाही, नवा रेणू नाही, नुसत्या हॉस्पिटलच्या नोंदी. "तुझ्या विषयात नवीन काय?" असं कुणी विचारलं की मला हा पेपर आठवतो.

पण यालाही लगेच मान डोलवू नका. पुन्हा पुन्हा क्रिएटिनिन तपासतात ते भरती झालेल्या आजारी माणसाचं. बाहेरून येऊन सीटी काढून घरी जाणारा वेगळा. 2013 मध्ये 'रेडिओलॉजी' जर्नलमध्ये डाय दिलेल्या-न दिलेल्यांच्या जोड्या जुळवून दोन मोठे अभ्यास आले. एकाला धोका दिसलाच नाही, दुसऱ्याला ईजीएफआर 30 च्या खाली दिसला. जोडी जुळते ती नोंदवलेल्या गोष्टींवर. "याला नको द्यायला" असं डॉक्टरला वाटलं, ते कुठल्या रकान्यात असतं?

आता आपल्याकडे या. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. सहा महिने ऊसतोड करून आलेली, अंगावर मांस नसलेली बाई घ्या. तिचा आकडा 'नॉर्मल' दिसूनही किडनी कमजोर असू शकते. दिवसभर फडात पाणी कमी पिलं असेल, तर तोच आकडा नुसत्या शोषामुळं चढेल. म्हणजे एकाच आकड्यानं तिची दोन्हीकडून फसगत. आणि डाय टाळणं फुकट नसतं बरं का, फुप्फुसातली गुठळी बिनडायच्या सीटीत सुटू शकते.

अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीच्या संस्थांनी 2020 मध्ये मिळून सांगितलं, की धोका पूर्वी फुगवून मांडला गेला. मला ते पटतं. फक्त ईजीएफआरच्या सूत्रात वय आणि लिंग येतं, वजन नाही, हे तुमच्या सिनॉप्सिसमध्ये लिहून ठेवा.