नावामागचा माणूस : ‘द ब्ल्यू नोव्हेअर’मधील वाचन आणि गुन्हा

गुन्हेगारी कादंबरीच्या रूपबंधाची मीमांसा करताना त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९६६ मध्ये दोन कथांचे प्रमेय मांडले : एक गुन्ह्याची कथा, जी घडून गेलेली पण संहितेत अनुपस्थित असते, आणि दुसरी तपासाची कथा, जी उपस्थित असूनही स्वतः फारशी अर्थपूर्ण नसते. शोधकथेत तपास करणारा सुरक्षित असतो. थरारकथेत तो स्वतः बळी ठरू शकतो. आणि रहस्य व भय या दोहोंवर उभ्या राहणाऱ्या तिसऱ्या प्रकारात भूतकाळाची उत्सुकता व भविष्याची धास्ती एकत्र नांदतात. जेफ्री डीव्हर या अमेरिकन कादंबरीकाराची ‘द ब्ल्यू नोव्हेअर’ (२००१) वरवर पाहता या तिसऱ्या प्रकारात सहज बसते. तथापि तिच्यात असे काही घडते की ज्यामुळे ही वर्गवारी अपुरी वाटू लागते.

सिलिकॉन व्हॅलीत फेट हे टोपणनाव धारण करणारा एक हॅकर माणसे मारीत सुटला आहे. त्याला गाठण्यासाठी कॅलिफोर्निया पोलिसांचे संगणक-गुन्हे पथक तुरुंगात असलेल्या वायट गिलेट या दुसऱ्या हॅकरला तात्पुरते बाहेर काढते. पथकप्रमुख अँडरसन सुरुवातीलाच मारला जातो आणि संगणकातले फारसे न कळणाऱ्या फ्रँक बिशप या जुन्या वळणाच्या पोलिसावर धुरा येते. चोरावर मोर नेमण्याची ही क्लृप्ती जुनीच; तीवर अधिक थांबण्याचे कारण नाही.

नवे आहे ते खुन्याचे वाचक असणे. ‘ट्रॅपडोअर’ नावाच्या प्रणालीद्वारे फेट दुसऱ्याच्या संगणकात शिरतो, तिथली पत्रे, नोंदी, नातीगोती वाचतो आणि त्या वाचनातून स्वतःचे पात्र रचून बळीसमोर उभा राहतो. पहिला बळी लारा गिब्सन. स्त्रियांना आत्मसंरक्षणाचे धडे देण्यासाठीच ती ख्यात आहे. अनोळखी पुरुषापासून सावध कसे राहावे हे तिला पुरेपूर ठाऊक आहे. परंतु समोर आलेला इसम तिच्या परिचितांची नावे, घरातले तपशील सहज बोलून जातो, आणि म्हणून तो अनोळखी उरत नाही. येथे तपशिलाचे कार्य लक्षणीय आहे. रोलां बार्त यांनी वास्तववादी कथनातील निरुपयोगी तपशील ‘हे खरे आहे’ एवढाच संकेत देतो, असे १९६८ मध्ये दाखवून दिले होते. फेट नेमक्या याच संकेताचा वापर करतो. कादंबरीकार वाचकाचा विश्वास ज्या साधनाने संपादन करतो त्याच साधनाने हा तोतया बळीचा विश्वास मिळवतो. कादंबरीला याची जाण असावी असे काही जागी वाटते, काही जागी नाही.

आणि फेटची नजर तपास पथकाच्या यंत्रांपर्यंतही पोहोचते. म्हणजे तोदोरोव यांची दुसरी कथा, जी केवळ वाचकासाठी सांगितली जाते असे गृहीत असते, तिला संहितेच्या आतच एक वाचक मिळतो, आणि तो वाचता वाचता ती बदलतो. तपासाचे कथन निष्पाप राहत नाही.

सर्वाधिक विचार मागतो तो फेटचा साथीदार शॉन. कोण हा शॉन, पथकातीलच कोणी तर नव्हे, हा संशय डीव्हर दीर्घकाळ जागता ठेवतात. उलगडा असा की शॉन हा माणूसच नव्हे. तो संगणक आहे, त्यावर चालणारी प्रणाली आहे. हा केवळ धक्का नाही. विशेषनाम दिसले की त्यामागे देह, वय, लिंग, हेतू कल्पायचे ही वाचनाची इतकी अंगवळणी पडलेली रीत आहे की वाचक स्वतःच शॉनला माणूसपण बहाल करून बसलेला असतो. लारा गिब्सनने जी चूक केली तीच कादंबरीचा वाचक करतो. बळी आणि वाचक यांना एका पातळीवर आणणारा हा क्षण सैद्धांतिकदृष्ट्या कादंबरीतील सर्वांत मोलाचा आहे.

दुर्दैवाने तो वाया जातो. फेटच्या पश्चात शॉन खोटे आदेश धाडून सशस्त्र पथकाला निरपराधांच्या घरावर सोडतो. ज्याला हेतू नाही त्याच्या कृतीला गुन्हा म्हणावे काय, आणि आदेशाखाली अधिकाऱ्याचे नाव दिसले एवढ्यावर गोळी झाडायला सज्ज होणारी संस्था किती निर्दोष, हे प्रश्न येथे दारात येऊन उभे राहतात. डीव्हर घड्याळाकडे बोट दाखवतात आणि पुढे निघतात. शॉन केव्हा थांबेल एवढीच उत्कंठा उरते.

कादंबरी आपल्याच शोधाला बिचकते याची खूण इतरत्रही आहे. पडद्यावरचा सारा कावा अखेर चाकूपाशी येतो. गिलेटच्या बोटांना टंकनाने पडलेले घट्टे वारंवार वर्णिले जातात. प्रकरणांचे क्रमांक द्विमान अंकपद्धतीत छापण्याची हौस मात्र शोभेपुरतीच राहते, कारण कथन सर्वस्वी देहाच्या बाजूचे आहे. देहाशिवाय भय उत्पन्न होत नाही ही या प्रकाराची अट मान्य केली, तरी शॉनच्या रूपाने ती मोडण्याची संधी डीव्हर यांनीच निर्माण केली होती.

‘द ब्रोकन विंडो’ (२००८) मध्ये ते याच परिसरात परततात. तिथला खुनी माहितीच्या प्रचंड साठ्यातून लोकांचे आयुष्य वाचतो आणि आपले गुन्हे निरपराधांच्या माथी मारतो. मात्र तो नक्की माणूसच आहे, आणि वस्तू साठवून ठेवण्याचा त्याला मानसिक छंद आहे. नावामागे पुन्हा देह बसवला गेला आहे, सोबत निदानही.