दणकट म्हणजे नेमके किती दणकट?

जमीनमोजणी, वनसंरक्षण, आपत्तिनिवारण, रुग्णवाहिका अशा चार भिंतींबाहेरच्या कामांसाठी खास ‘दणकट’ टॅब्लेट संगणक विकले जातात. किंमत साध्या टॅब्लेटच्या कित्येक पट असते. त्यांच्या माहितीपत्रकावर दोन शिक्के हमखास दिसतात : अमेरिकी लष्कराचे मानक ‘मिल-एसटीडी-८१०’ आणि ‘आयपी ६७’. हे शिक्के खोटे असतात असे आम्हाला म्हणायचे नाही. पण शिक्का जे सांगतो आणि ग्राहक जे समजतो, यांत बरेच अंतर आहे. ते मोजायला शालेय भौतिकशास्त्र पुरते.

प्रथम पडण्याची कसोटी घेऊ. या मानकाच्या २००८ सालच्या ‘जी’ आवृत्तीनुसार हातात वागवण्याजोगी वस्तू १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळा पाडायची असते. २६ च का? इष्टिकाचितीला ८ कोपरे, १२ कडा आणि ६ पृष्ठे असतात, बेरीज २६. प्रत्येकावर एकदा पाडायचे. कल्पना सुरेख आहे, आणि खडूचा डबा हाती घेऊन वर्गात मोजून दाखवण्यासारखीही. पण पुढे एक सवलत आहे. हे २६ आघात पाच नमुन्यांत वाटून घेतले तरी चालतात. म्हणजे एकेका टॅब्लेटच्या वाट्याला पाच-सहाच! शिवाय तो पडतो काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंच जाडीच्या प्लायवुडवर.

पृष्ठभागाने एवढा काय फरक पडतो? १२२ सेंमीवरून पडणारी वस्तू खाली पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.९ मीटर असतो. हा वेग किती अंतरात शून्य होतो, यावर सारे अवलंबून आहे. मंदन एकसमान मानले, तर पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागावे. उत्तर येईल तितके पट गुरुत्वत्वरण वस्तूला सोसावे लागते. समजा, लाकूड आणि वेष्टन मिळून ४ मिलिमीटर दबले, तर हे मंदन ३०५ पट. शहाबादी फरशीवर तीच वस्तू १ मिलिमीटरात थांबली, तर १२२० पट. ४ आणि १ हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत, पण अंतर चौथाई झाले की आघात चौपट होतो, हे कोणत्याही आकड्यांना लागू आहे.

आणखी एक गोष्ट. अमेरिकी लष्कर बाजारातल्या टॅब्लेटना या मानकाचे प्रमाणपत्र देत नाही. चाचण्या उत्पादक स्वतः करतो किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून करवून घेतो. कोणत्या आणि किती कडक, हे वस्तूच्या प्रत्यक्ष वापरावरून ठरवावे असे मानकच सांगते. तेव्हा ‘कशापुढे दणकट?’ हा प्रश्न मुळात मानकानेच विचारलेला आहे. माहितीपत्रकाने तेवढा गाळला.

‘आयपी ६७’ मधला ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवले तरी अपाय होत नाही. हे पाणी गोडे आणि स्थिर असते. नळीच्या जोरदार फवाऱ्याची कसोटी वेगळी. ७ मिळाला म्हणून तीही पार झाली असे धरता येत नाही. रुग्णालयात तर उपकरण दिवसातून अनेकदा अल्कोहोलने किंवा क्लोरीनच्या द्रावणाने पुसावे लागते. रबरी सील त्याने कसे झिजतात, याविषयी हा आकडा मूक आहे.

या नेमक्या अडचणीतून घडलेला एक टॅब्लेट आमच्या मते अभ्यासण्याजोगा आहे. २०१४-१५ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती. उपचारकेंद्राच्या संसर्गक्षेत्रातून कागदसुद्धा बाहेर आणता येत नसे. संरक्षक पोशाखात घामाघूम झालेले डॉक्टर रुग्णांची माहिती कुंपणापलीकडच्या सहकाऱ्याला ओरडून सांगत, आणि तो ती लिहून घेई. ‘मेदसां सां फ्रोंतिएर’ या डॉक्टरांच्या संघटनेने गूगलच्या व इतर स्वयंसेवी तंत्रज्ञांच्या साहाय्याने ‘बुएंदिया’ नावाची प्रणाली रचली. तिचा टॅब्लेट ०.५ टक्के क्लोरीनच्या द्रावणात बुडवता येई, हातमोजे घालून वापरता येई आणि नुसता टेबलावर ठेवला की विद्युत्भारित होई. सिएरा लिओनमध्ये तो पोचला तेव्हा साथ ओसरू लागली होती, त्यामुळे त्याची पूर्ण परीक्षा झालीच नाही. तरी तो कशापुढे टिकायला हवा, हे कुंपणाजवळ उभे राहून ठरले होते.

आपल्याकडे हा प्रश्न विचारला गेला का? ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. ती उपकरणे दणकट म्हणून घेतलेली नव्हती, टॅब्लेटही नव्हते. पण काम मात्र क्षेत्रावरचे आणि आरोग्याचेच होते. सेविकांच्या तक्रारी काय होत्या? स्मृती अवघी २ जीबी, त्यामुळे ‘पोषण ट्रॅकर’ उघडताच फोन अडतो, तापतो, दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो, आणि माहिती इंग्रजीत भरावी लागते. यांतली एकही तक्रार वरच्या दोन शिक्क्यांच्या कक्षेत येत नाही. २६ वेळा पडून शाबूत राहिलेला फोनही या सेविकांनी परतच केला असता.

तापण्याची तक्रार तर विशेष लक्ष देण्याजोगी. लिथियम-आयन घट साधारणतः ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच विद्युत्भारित करावा, अशी शिफारस असते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे सावलीतला पाराच ४५ पर्यंत जातो. पत्र्याच्या छपराखाली चार्जरला लावलेल्या उपकरणाचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. उघड्यावर भर दुपारी सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, वर्गखोलीत काही शे. खोलीतल्या प्रकाशासाठी बनवलेला पडदा अंगणात आरशासारखाच होतो.

पुष्कळ शाळांतही टॅब्लेट येतात, आणि खरेदीच्या कागदांवर मुख्याध्यापकांची सही लागते. शिक्का पाहून सही करण्याआधी विक्रेत्याला विचारावे : २६ आघात किती नमुन्यांवर केले? कोणत्या पृष्ठभागावर? कोणत्या तापमानापर्यंत चार्ज होतो? पडदा भर उन्हात व्हरांड्यात नेऊन पाहावा. आणि बॅटरी बसली, तर ती तालुक्याच्या गावी बदलून मिळेल की उपकरण मुंबईला पाठवावे लागेल, हे लेखी घ्यावे.