‘गांवगाडा’ आणि बलुत्याचा हिशेब

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ हा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास आतां शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. इतक्या जुन्या ग्रंथाचें परीक्षण आज करण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन एवढेंच कीं, हा ग्रंथ अद्यापि साक्षीदार म्हणून उभा केला जातो. महाराष्ट्रांतील खेड्याची जुनी समाजरचना कशी होती, हें सांगूं पाहणारे समाजशास्त्रज्ञ आत्र्यांचा हवाला देतात आणि त्यांच्या वेळचें खेडें हेंच पूर्वापार चालत आलेलें खेडें असें धरून चालतात. साक्ष प्रमाण मानण्यापूर्वीं साक्षीदार कोठें उभा होता व कोणत्या वेळीं उभा होता, हें तपासणें न्यायाचें आहे. तेवढेंच काम आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम ग्रंथाचे गुण सांगणें प्राप्त आहे. आत्रे हे मुलकी खात्यांतील अधिकारी. चावडी, खळें, बाजार, जत्रा हीं त्यांनीं स्वतः हिंडून पाहिलेलीं. त्यांच्यापूर्वीं खेड्याविषयीं लिहिणारांची तऱ्हा निराळी होती. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत ग्रामव्यवस्थेची वाखाणणी आहे. मेटकाफनें १८३० सालीं खेड्यांस लहान लहान प्रजासत्ताकें ठरविलें. मेननें १८७१ सालीं ग्रामसंस्थांवर ग्रंथ लिहून त्यांची युरोपांतील जुन्या संस्थांशीं तुलना केली. या थोर नांवांच्या भारानें आपल्याकडील सुशिक्षितांसही स्वयंपूर्ण व समाधानी खेड्याचें चित्र खरें वाटूं लागलें होतें. आत्र्यांनीं तें चित्र बाजूस सारलें व खळ्यावर रास झाल्यापासून ती कुणब्याच्या घरीं पोंचेपर्यंत तिला किती वाटा फुटतात, हें दाखविलें. शिवाय गांवकीची बोली त्यांनीं जशीच्या तशी ग्रंथांत उतरविली. ज्या वस्तु व ज्या रीति आतां उरल्या नाहींत, त्यांचीं नांवें तेवढीं या ग्रंथांत शिल्लक आहेत. एवढ्या एका कारणासाठींही हा ग्रंथ जपून ठेवण्यासारखा आहे.

ग्रंथकाराचें मुख्य म्हणणें थोडक्यांत असें. कुणबी पिकवितो, वतनदार, बलुतेदार, आलुतेदार, फिरस्ते व सावकार त्याच्या राशीवर हात मारतात. वतन वंशपरंपरेचें असल्यामुळें काम चांगलें केलें काय आणि न केलें काय, हक्क चुकत नाहीं. म्हणून काम बिघडतें आणि बोजा तेवढा राहतो. तात्पर्य, वतनी चाकरीची ही रचना कालबाह्य झाली असून तिच्यामुळें गाडा रुतला आहे. हें म्हणणें त्या काळापुरतें पुष्कळ अंशीं खरें असेल. परंतु ‘त्या काळापुरतें’ हे शब्द वाचक विसरतो, आणि ते विसरण्यास ग्रंथाची मांडणीही कांहीं अंशीं कारण आहे.

आत्र्यांनीं पाहिलेला काळ कोणता होता? पुणें जिल्ह्यांत इंदापूर तालुक्यांत १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांची पैमाष व जमाबंदी सुरू झाली आणि पुढें तीच पद्धति इलाखाभर पसरली. पूर्वीं वसूल गांवावर ठरून पाटलामार्फत भरला जात असे. आतां प्रत्येक खातेदार आपल्या शेताचा सारा रोख पैशांत सरकारांत भरूं लागला. १८७४ सालच्या कायद्यानें वतनी चाकरीस निराळें रूप दिलें. १८७६ ते ७८ व १८९९ ते १९०० या सालांच्या दुष्काळांनीं दख्खन होरपळून निघाली. बाजारांत गिरणीचें कापड व कारखानी सामान आलें. सारा रोख, कर्ज रोख आणि माल बाजाराचा, अशा स्थितींत सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याचा वांटा मागावयास येणारा मनुष्य कुणब्यास आगंतुक दिसला, तर त्यांत नवल नाहीं. आत्र्यांनीं टिपलेलें दृश्य खरें आहे; मात्र तें सत्तर-ऐंशी वर्षांच्या घडामोडीचें फळ आहे. बलुत्याचा मूळ स्वभाव त्यावरून ठरवितां येत नाहीं.

मूळ स्वभाव ठरविण्याचें साधन म्हणजे दफ्तर. जुने महजर ज्यांनीं चाळले आहेत, त्यांस हें ठाऊक आहे कीं, वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढें आला म्हणजे निवाड्यास केवळ देशमुख, पाटील, कुळकर्णी बसत नसत. गांवचे बलुतेही साक्षीस असत व कागदावर त्यांच्या नांवापुढें त्यांच्या धंद्याची निशाणी पडे. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, न्हाव्याची आरसी या निशाण्या वाचकांच्या परिचयाच्या आहेत. मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ सालच्या ग्रंथांत अशा महजरांचा मोठा संग्रह विचारांत घेतलेला आहे. ज्याची निशाणी गांवच्या निवाड्यावर पडते, तो गांवाचा केवळ आश्रित नव्हे. त्याचें बलुतें ही वृत्ति होती. ती भावांत वांटली जाई, गहाण पडे, विकलीही जाई, आणि तिजवर कोणी चढाई केल्यास तो दिवाणांत दाद मागे.

या कागदांवरून निघणारा सिद्धांत सर्वांत नेटका मांडला तो हिरोशि फुकाझावा या जपानी पंडितानें. अठराव्या शतकांतील महाराष्ट्रांतले ग्रामसेवक हे एकेका कुटुंबाचे नोकर कीं सबंध गांवाचे, असा प्रश्न त्यानें १९७२ सालीं लिहिलेल्या निबंधांत केला व छापील मराठी कागदपत्रांच्या आधारें, ते सबंध गांवाचे सेवक होते, असें उत्तर दिलें. १९९१ सालीं निघालेल्या त्याच्या मध्ययुगीन दख्खनवरील ग्रंथांत हा निबंध आहे. याचें महत्त्व कळण्यास उत्तरेकडील एक गोष्ट सांगितली पाहिजे. वायझर या पाद्र्यानें संयुक्त प्रांतांतील एका खेड्यांत राहून १९३६ सालीं ‘जजमानी’ पद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्यांत प्रत्येक कारागीर ठराविक घरांशीं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला आहे. पुढें मानववंशशास्त्रज्ञांनीं हा शब्द सर्व हिंदुस्थानास लावला आणि बलुतें म्हणजे जजमानीचेंच मराठी नांव असें होऊन बसलें. पीटर मेयर यानें तर १९९३ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, उत्तरेंतही ही पद्धति ज्या रूपानें वर्णिली जाते, तें रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या पलीकडे फारसें मागें जात नाहीं. म्हणजे एका ठिकाणचें अलीकडचें रूप सर्व देशाचें सनातन रूप म्हणून खपलें.

येथें एक शंका येईल. गांवांत प्रत्यक्ष पाहणारास अमुक न्हावी अमुक घरांचा, अमुक सुतार अमुक वाड्याचा, असें दिसतेंच. मग सबंध गांवाचा सेवक कसा? आमचें उत्तर असें कीं, बलुतेदाराचें घराणें वाढलें म्हणजे भाऊबंद काम व उत्पन्न वांटून घेत. कोठें घरें वांटीत, कोठें पाळी लावीत. पाहणारास वांटणी दिसते. जिची वांटणी झाली ती वृत्ति दिसत नाहीं. ती कागदांत आहे.

आतां दुसरा मुद्दा, आणि आमच्या मतें अधिक गंभीर. आत्रे गांवाकडे पाहतात तें कुणब्याच्या खळ्यावर उभे राहून. महार, जागले, मांग यांनीं काय नेलें, याची मोजदाद ते बारकाईनें करितात. त्याच हिशेबाची दुसरी बाजू १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं मांडली. १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करण्यासाठीं त्यांनीं विधेयक आणलें. त्यांचें म्हणणें असें कीं, वतनदार महारास वेळेचा व कामाचा निर्बंध नाहीं. सरकार त्याजकडून चाकरी घेतें, पण मोबदल्याचा मोठा भाग रयतेच्या बलुत्यावर सोडतें. आणि रयत रागावली कीं बलुतें बंद होतें. तें विधेयक पुढें मागें घ्यावें लागलें. कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा कायदा १९५८ सालीं झाला. ज्या बलुत्यास आत्रे कुणब्यावरील बोजा म्हणतात, तेंच आंबेडकरांच्या दृष्टीनें महाराच्या पायांतील बेडी आहे. दोघेही वतन मोडावें असेंच म्हणतात. पण कोणाच्या सुटकेसाठीं, याविषयीं त्यांचें उत्तर एक नाहीं. खतावणींत जमा व खर्च असे दोन रकाने असतात. ‘गांवगाड्यां’त बलुतेदाराच्या नांवें जो खर्च पडला आहे, तो अचूक असेल, परंतु शिवेची राखण, सरकारी निरोप, वसूल पोंचविणें, मेलेलीं ढोरें ओढणें, हें काम कोणत्या दरानें जमा धरावें, याचा विचार तेथें पुरेसा नाहीं. एक रकाना वाचून शिल्लक काढणारानें समाजाचें निदान केलें असें म्हणतां येणार नाहीं.

फिरस्त्यांच्या बाबतींत हा दोष अधिकच जाणवतो. १८७१ पासून कांहीं जातींस जन्मानेंच गुन्हेगार ठरविणारा कायदा सरकारनें केला होता. तो १९५२ सालीं रद्द झाला. आत्र्यांनीं ‘गुन्हेगार जाती’ या नांवाचें पुस्तकही लिहिलें आहे. सरकारी दृष्टीची ती छाया ‘गांवगाड्या’तील फिरस्त्यांच्या वर्णनावर पडलेली आहे. गांवांत येणारा प्रत्येक भटका गांवाचें खातो, हें तेथें सांगितलें आहे. तो गांवास काय देत असे, हें वाचकास शोधावें लागतें.

एवढें लिहिल्यावर आमच्या स्वतःच्या साधनाविषयींही दोन शब्द लिहिले नाहींत, तर तो पक्षपात होईल. दफ्तर हेंही एका ठिकाणीं उभें राहूनच पाहतें. कागद झाला तो बहुधा तंटा झाला म्हणून. जेथें तंटा नव्हता, तेथील व्यवहार मुका आहे. वतन होतें त्याचें नांव लिहिलें गेलें. उपरी, भटके आणि बहुतेक स्त्रिया यांचें नांव क्वचित् आढळतें. आणि महाराची निशाणी महजरावर पडली, म्हणून गांवांत त्याची सावलीही विटाळ मानली जात नव्हती, असें कोणी अनुमान काढील तर तें साफ चूक होईल. हक्क आणि अपमान एकाच वतनांत नांदत होते. या उणिवा भरून काढण्यास आत्र्यांसारखा डोळस फिरणारा माणूसच हवा. म्हणून आम्हीं ग्रंथाचें दोषदर्शन केलें, तें ग्रंथ टाकावा म्हणून केलें नाहीं.

मार्ग कोणता, याचा एक नमुना आपल्यापुढें आहे. पुण्याजवळील लोणी गांवाची पाहणी टॉमस कोट्स या डॉक्टरनें १८२० च्या सुमारास करून लिहून ठेविली होती. त्या गांवाची ओळख पटवून गो. स. घुर्ये यांनीं लोणीकंदाचा पुन्हा अभ्यास केला व सवाशे वर्षांपूर्वींचें गांव आणि नंतरचें गांव यांची तुलना करणारा ग्रंथ १९६० सालीं प्रसिद्ध केला. एका गांवापुरतें बोलावयाचें, पण दोन काळांविषयीं बोलावयाचें, ही पद्धति आम्हांस मोलाची वाटते. तिला मराठी कागदांची जोड मिळाली, तर काम पुरें होईल. ज्या गांवाचे महजर, थळपत्रकें व ताळेबंद हातीं आहेत, तें गांव घ्यावें. पुढील काळची जमाबंदीची माहिती घ्यावी. आत्र्यांचा ग्रंथ बरोबर घेऊन त्या गांवीं जावें. आणि बलुतें देणारांच्या घराइतकेंच घेणारांच्या घरींही बसून विचारावें. ज्यांनीं बलुतें मागितलेलें व घातलेलें डोळ्यांनीं पाहिलें, अशीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत. कागद कपाटांत थांबेल. तीं माणसें थांबणार नाहींत. तरी अभ्यासकांनीं हें काम लवकर हातीं घ्यावें, अशी आमची विनंति आहे.