'सोनेरी पिंजरा' आणि पालकांचा दोष : आहारविकृतीच्या कौटुंबिक मीमांसेचा पुनर्विचार

आहारविकृती आणि पालकांची भूमिका यांविषयीच्या विवेचनात दोन ग्रंथांचा निर्देश हटकून आढळतो : हिल्ड ब्रूख यांचा 'द गोल्डन केज' आणि साल्वादोर मिनुचिन, बर्निस रोझमन व लेस्टर बेकर यांचा 'सायकोसोमॅटिक फॅमिलीज'. दोन्ही ग्रंथ 1978 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने काढले. अॅनोरेक्सिया नर्व्होसाने ग्रस्त मुलीच्या आजाराचे मूळ तिच्या घरात शोधण्याची दृष्टी रूढ होण्यात या ग्रंथांचा वाटा मोठा आहे. या दृष्टीचा आधार कितपत भक्कम आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

ब्रूख यांच्या ग्रंथाचे शीर्षक एका रुग्णेने योजलेल्या प्रतिमेवरून आले आहे : संपन्न घराच्या सोनेरी पिंजऱ्यात कोंडलेली साधी चिमणी. बालकाच्या भुकेच्या खुणा ओळखून नव्हे, तर स्वतःच्या कल्पनेप्रमाणे आई त्याला भरवीत राहते. परिणामी मुलीला स्वतःची भूक व स्वतःची इच्छा ओळखताच येत नाही, आणि उपासमार हे स्वायत्ततेचे अखेरचे साधन बनते, असे ब्रूख यांचे प्रतिपादन आहे. हट्टी म्हणून हेटाळल्या जाणाऱ्या मुलींचे बोलणे त्यांनी गांभीर्याने ऐकले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु सुमारे 70 रुग्णांचा हा अनुभव प्रायः सुस्थित कुटुंबांतला आणि उपचारांपर्यंत पोहोचलेल्यांचा आहे. तुलनेसाठी निरोगी मुलींची घरे त्यात नाहीत. शिवाय पाळण्यातले संगोपन कसे होते याचा निर्णय, मुलगी आजारी पडल्यानंतर सांगितलेल्या आठवणींवरून केलेला आहे.

मिनुचिन यांनी निदान कुटुंबाला प्रत्यक्ष समोर बसवून पाहिले. परस्परांत अतिरिक्त गुंतलेपण, अतिसंरक्षण, ताठरपणा आणि संघर्ष न सोडविण्याची प्रवृत्ती ही लक्षणे त्यांना या कुटुंबांत दिसली. निरीक्षण खोटे नसेल. प्रश्न कार्यकारणाच्या दिशेचा आहे. पोटची मुलगी डोळ्यांदेखत वाळत असताना तिच्या ताटावर नजर न ठेवणारे आणि घरातले वाद मोकळेपणाने मांडणारे आई-वडील कोठे आढळावेत? या संदर्भात अॅन्सेल कीज यांचा 1944-45 मधील मिनेसोटा प्रयोग स्मरणीय आहे. 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले असता त्यांच्यात अन्नाचा ध्यास, जेवणाचे विचित्र विधी, चिडचिड, खिन्नता आणि माणसांपासून दुरावा ही लक्षणे प्रकटली. त्यांचे संगोपन बदललेले नव्हते, अन्न तेवढे घटले होते. संगोपनाच्या खाती मांडलेले पुष्कळसे उपासमारीच्या खाती वळते करावे लागते, ते यामुळे.

वास्तविक मिनुचिन यांचे उपचार त्यांच्या मीमांसेहून सरस होते. विल्यम गल यांनी 1874 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात नातेवाईक हे अशा रुग्णाचे सर्वांत वाईट शुश्रूषक मानले होते. मिनुचिन यांनी मात्र उपचाराच्या बैठकीतच जेवण मांडले आणि मुलीला खाऊ घालण्याचे काम आई-वडिलांवर सोपविले. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात हा धागा पुढे नेला गेला. जेराल्ड रसेल व सहकाऱ्यांच्या 1987 च्या अभ्यासात, लहान वयात जडलेल्या व तीन वर्षांहून कमी काळाच्या अॅनोरेक्सियात कौटुंबिक उपचार व्यक्तिगत उपचारांपेक्षा सरस ठरले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत 121 किशोरवयीन रुग्ण होते. उपचारांनंतर वर्षभराने पूर्णतः बरे झालेल्यांचे प्रमाण कौटुंबिक उपचारांत 49 टक्के, तर व्यक्तिगत उपचारांत 23 टक्के आढळले. आजाराचे कारण काय, या प्रश्नावर ही उपचारपद्धती मुद्दामच मौन पाळते. कारण ठाऊक नसतानाही पालकांचे साहाय्य घेता येते, हा तिचा पायाच आहे.

मग पालकांचा प्रभाव शून्य मानावा काय? तसेही नाही. मिनेसोटातील किशोरवयीनांच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वजनाविषयी बोलणाऱ्या पालकांच्या मुलांत घातक मार्गांनी वजन घटविण्याचे प्रमाण अधिक, तर सकस आहाराविषयी बोलणाऱ्या पालकांच्या मुलांत कमी दिसले. मात्र हा सहसंबंध आहे, आणि तो वर्तनाविषयी आहे. निदान झालेल्या व्याधीविषयी नव्हे. व्याधीच्या संदर्भात 2019 च्या व्यापक जनुकीय अभ्यासाने जनुकसंचातील आठ स्थाने दाखविली. आई-वडील मुलांना संगोपन देतात तशी जनुकेही देतात. तेव्हा आई आणि मुलगी दोघींतही दिसणारा परिपूर्णतेचा अट्टहास संस्कारांतूनच आला, असे ठामपणे म्हणता येत नाही. 'अॅकॅडमी फॉर इटिंग डिसऑर्डर्स' या संस्थेने 2010 मध्ये, कुटुंबाला मूळ कारण ठरविणाऱ्या उपपत्ती स्पष्टपणे नाकारल्या.

पालकांच्या बोलण्याचे महत्त्व आजार जडल्यानंतर अधिक नेमकेपणाने दिसते. आयव्हन आयझ्लर व सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या, 40 रुग्णांच्या अभ्यासात, जेथे आईकडून मुलीवर टीका अधिक होत असे तेथे सर्वांना एकत्र बसविण्यापेक्षा पालकांना वेगळे भेटणे अधिक गुणकारी ठरले. अशा घरांतही मुलीला भरविण्याचे काम पालकांकडून काढून घेतलेले नव्हते. चिकित्सक त्यांच्याशी मुलीसमोर न बोलता दुसऱ्या खोलीत बोलत होता, एवढेच.