निरोपाचं गाणं आणि यादीतला क्रमांक

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की खपाच्या यादीत गाणं पहिलं आलं म्हणजे ते चांगलं मानायचं का? आज एकाच गाण्याला धरून बोलतो : डॉली पार्टन यांचं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’.

तुमच्यापैकी बहुतेकांनी ते व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात ऐकलं असेल. ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटातलं ते गाणं १९९२ च्या अखेरीपासून अमेरिकेत बिलबोर्डच्या मुख्य यादीत १४ आठवडे पहिलं होतं. पण त्याआधी १९७४ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये, नव्याने ध्वनिमुद्रित होऊन, पार्टन यांच्याच आवाजात ते कंट्री संगीताच्या यादीत पहिलं आलं होतं. म्हणजे शिखर तीनदा गाठलं. मात्र तेव्हा यादी मोजायची विक्री आणि रेडिओवरची वाजणी. लोकांनी त्यात काय ऐकलं, हे तिला कळत नाही.

आता गंमत पाहा. हे प्रियकराला उद्देशून लिहिलेलं गाणंच नाही. १९६७ पासून पार्टन पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गात होत्या. तो सोडायचा होता आणि वॅगनर सोडायला तयार नव्हते. बोलून समजूत पटेना, म्हणून त्यांनी हे गाणं लिहून त्यांना ऐकवलं. एवढं नोकरी सोडण्याचं प्रकरण! पण गाण्यात ना करार आहे, ना कार्यक्रम. भट्टनायक ज्याला साधारणीकरण म्हणतो ते हेच : भाव विशिष्ट माणसापासून सुटतो आणि कुणाचाही होऊ शकतो.

पण साधारणीकरण झालं म्हणून गाणं थोर ठरत नाही. मला तर त्यात एक गोष्ट खटकते. जाणारी म्हणते, की मी राहिले तर तुझ्या वाटेत अडथळा होईन. खरं तर अडथळा तिच्याच वाटेत होता की नाही? हे सभ्य असत्य आहे, आपण सगळे निरोप घेताना बोलतो तसलं.

गाणं तरतं ते शेवटच्या कडव्यामुळे. तिथे ती काही मागत नाही, स्वतःची बाजू मांडत नाही. मागे राहणाऱ्याचं भलं चिंतते. १९७४ च्या ध्वनिमुद्रणात पार्टन हे कडवं गातही नाहीत, चक्क बोलतात. लिंडा रॉनस्टॅट यांच्या १९७५ च्या आवृत्तीत ते गाळलेलं होतं. ह्यूस्टनच्या निर्मात्यांच्या, डेव्हिड फॉस्टर यांच्या, समोर तीच आवृत्ती होती. कडवं राहिलंय हे पार्टन यांनीच त्यांना फोनवर सांगितलं. ह्यूस्टनही ते हळुवार गाते, पण लगेच ड्रमचा ठोका पडतो, सूर चढतो आणि आपण तिच्या दमसासाचं कौतुक करत बसतो. शुभेच्छा ऐकू येते-न येते तोच विसरली जाते. माझं मत विचाराल तर मूळ ध्वनिमुद्रण श्रेष्ठ, गळा तेवढा मोठा नसूनही.

आणि हो, पुढे १९७९ मध्ये वॅगनर यांनी पार्टन यांच्यावर ३० लाख डॉलरचा दावा लावला. तो न्यायालयाबाहेर मिटला. २००७ मध्ये वॅगनर वारले, त्या दिवशी पार्टन त्यांना भेटून आल्या होत्या.

घरी गेल्यावर दोन्ही ऐका. आधी १९७४ चं, बरं का.