आधी तयारी, मग नोकरी?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक बाई मला जिन्यात भेटल्या. मुलगा २६ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला. विशेष शाळा १८व्या वर्षी संपली, तेव्हापासून कार्यशाळेत जातो. पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, राख्या. बाई म्हणाल्या, "सर, ८ वर्षं तो नोकरीसाठी तयार होतोय. अजून किती वर्षं तयार होणार?"

दिवाळीत त्या पणत्या मीही घेतो, कौतुक करतो आणि घरी येतो. (हशा) हसू नका, तुम्हीही घेता. माझी टीका तिथे राबणाऱ्या शिक्षकांवर नाही, या 'तयारी'च्या कल्पनेवर आहे.

आधी शिकवायचं, मग कामाला लावायचं, असा आपला क्रम. अमेरिकेत १९७०च्या दशकात मार्क गोल्ड यांनी, ज्यांना काही जमणार नाही असं धरलं गेलं होतं, त्या माणसांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. काम छोट्या पायऱ्यांत तोडलं. कुणाला येईना, तर दोष शिकवण्याच्या रीतीत शोधला. पुढे तिथे क्रमच उलटला. आधी खऱ्या ठिकाणी, खऱ्या पगारावर नोकरी. शिकवणारा माणूस तिथेच शेजारी. याला 'सपोर्टेड एम्प्लॉयमेंट' म्हणतात. १९८६ साली ते तिथल्या पुनर्वसन कायद्यात आलं.

आमच्या ॲरिस्टॉटलला यात नवल वाटलं नसतं. घरं बांधूनच माणूस गवंडी होतो, हे त्यानं नीतिशास्त्रात सांगून ठेवलंय. पिशव्या चिकटवून मुलगा पिशव्या चिकटवायला शिकतो, एवढंच. साहेब रागावले तर काय करायचं, बस चुकली तर फोन कुणाला करायचा, डबा कुणाबरोबर खायचा, हे कार्यशाळेत कसं येणार?

पण या उलट्या क्रमावरही माझा आक्षेप आहे. जॉब कोचनं हळूहळू बाजूला व्हायचं, आधार कमी होत गेला की यश, असा हिशेब तिथेही शिरतो. ईव्हा किटे नावाच्या तत्त्वज्ञ आहेत. त्यांच्या मुलीला तीव्र बौद्धिक अक्षमता आहे. अवलंबित्व हा अपवाद नव्हे, माणसाच्या जगण्याचाच भाग आहे, असं त्या मांडतात. मला ते पटतं. कार्यालयातल्या क्लार्कनं कागद लावून दिले नसते, तर माझी पेन्शन अजून अडकली असती. माझा आधार कुणी कमी करत आणला नाही!

आपल्याकडे १९९५च्या कायद्यात ३ टक्के राखीव जागा होत्या, बौद्धिक अक्षमतेला त्यात वाटा नव्हता. २०१६च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के केल्या. त्यातल्या शेवटच्या १ टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे सगळे एकत्र. ठीक, दार उघडलं. पण आत गेल्यावर पहिले काही महिने शेजारी उभं राहणाऱ्याचा पगार कुणी द्यायचा? आरक्षणाच्या कलमात त्याबद्दल शब्द नाही.

जाता जाता बाईंनी आणखी एक सांगितलं. मुलगा रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातो, आलेला माल मोजून फळीवर लावतो. चूक होत नाही. वाणी चहा देतो. पगार नाही, कारण तो अजून 'तयार' नाही ना! वाणी माझ्या ओळखीचा आहे. या आठवड्यात जाऊन बोलणार आहे. कसं बोलावं, हे कुणाला सुचत असेल तर प्रश्नोत्तरांत तेच आधी घेऊ.